स्वीडिश आडनावं: उगम कसा ओळखायचा, उच्चार कसा करायचा

मराठीत स्वीडिश आडनावं येतात ती बहुतेक वेळा इंग्रजीच्या वाटेने. म्हणून बर्गमनमध्ये 'ग' ऐकू येतो, लार्सनचा शेवट 'सन' असा आखडतो आणि स्ट्रिंडबर्गमध्ये 'ट' आणि 'ड' येऊन बसतात. स्वीडिश माणसाच्या तोंडी यातलं काहीच नसतं. खरं तर या नावांसाठी इंग्रजीपेक्षा मराठी जास्त सोयीची आहे. त आणि ट, द आणि ड, न आणि ण, ल आणि ळ, श आणि ष ही जोडअक्षरं नसून आपल्याकडे स्वतंत्र अक्षरं आहेत आणि स्वीडिशला नेमका हाच भेद हवा असतो. त्यामुळे इंग्रजी उच्चार मधे न घेता थेट स्वीडिशवरून मराठीत यावं. चिंचवड, दापोडी, चाकण भागातल्या स्वीडिश कंपन्यांत काम करणारे, स्वीडनमध्ये स्थायिक झालेले, भाषांतरकार आणि बातमीदार या सगळ्यांना हे उपयोगी पडेल.

आधी उगम पाहायचा, मग उच्चार. हा क्रम मुद्दाम ठेवला आहे, कारण आडनाव कोणत्या गटातलं आहे यावरून आघात, म्हणजे बोलताना पडणारा जोर, कुठे येणार हे ठरतं, आणि आघात चुकला की बाकी सगळं बरोबर असूनही नाव ओळखू येत नाही.

स्पेलिंगबद्दल बोलताना रोमन अक्षरांचा उल्लेख त्यांच्या इंग्रजी नावांनी केला आहे. स्वीडिश वर्णमालेत झेडनंतर आणखी तीन अक्षरं येतात: माथ्यावर गोल असलेला ए, दोन टिंबांचा ए आणि दोन टिंबांचा ओ. ही नक्षी नव्हे, स्वतंत्र अक्षरं आहेत. यादीत ओबॅर्य हे आडनाव ए खाली शोधू नका, ते शेवटी झेडच्याही पुढे सापडेल.

पहिली पायरी: शेपूट पाहा

शेवटी दोन एस आणि 'ऑन' असेल, म्हणजे '-सॉन' असेल, तर ते वडिलांच्या नावावरून आलेलं आडनाव. वडिलांचं नाव, त्याला 'चा' या अर्थाचा एस, आणि पुढे 'सॉन' म्हणजे मुलगा. दोन एस येतात ते असे. लार्स, नील्स, आन्देर्स या नावांच्या अखेरीस एस आधीच असतो, म्हणून तिथे तिसरा एस लागत नाही. '-सेन' दिसलं तर घराणं बहुधा डॅनिश किंवा नॉर्वेजियन. एकच एस दिसला तर अमेरिकेत गेलेल्या कुटुंबाने बदललेलं स्पेलिंग असण्याची शक्यता मोठी.

पूर्वी हे आडनाव नव्हतंच, ती नुसती ओळख होती आणि दर पिढीला बदलत होती. आन्देर्स नील्सॉनचा मुलगा पेर हा पेर आन्देर्सॉन, मुलगी शॅष्टिन ही शॅष्टिन आन्देर्सदॉत्तेर. पेरची मुलं पुन्हा पेर्सॉन आणि पेर्सदॉत्तेर. लग्नानंतरही बाई आपल्या वडिलांचंच नाव लावायची. म्हणजे एका घरात नवरा, बायको, मुलगा आणि मुलगी अशी चार वेगवेगळी 'आडनावं' नांदत. एकोणिसाव्या शतकात शहरांपासून सुरुवात होऊन ही नावं गोठत गेली आणि १९०१ च्या राजाज्ञेने कुटुंबाला कायमचं आडनाव ठेवणं आवश्यक केलं. तेव्हापासून मुलीसुद्धा '-सॉन' झाल्या. आजही आन्देर्सॉन आणि योहान्सॉन ही दोन आडनावं प्रत्येकी दोन लाखांहून जास्त लोक लावतात, आणि अर्थातच त्या सगळ्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

वंशावळ शोधणाऱ्यांचा घोळ इथेच होतो. १९०१ च्या आधीच्या चर्च-नोंदींत '-सॉन' पकडून मागे जाऊ नका, हाती दुसरंच घर लागेल. मागे जायचं ते गाव, शेतघर आणि जन्मतारीख यांच्या आधाराने. आडनावातून फक्त वडिलांचं पहिलं नाव कळतं. त्या पहिल्या नावाचीही रूपं बदलतात: पेर, पेत्तेर, पेतेर हा एकच माणूस असू शकतो, तसंच यान आणि योहान. दालार्ना प्रांतात शेतघराचं नाव व्यक्तीच्या नावाच्या आधी लावायची पद्धत आहे, तेव्हा तिथल्या नोंदीतला पहिला शब्द पाळण्यातलं नाव समजू नये.

दुसरी पायरी: दोन तुकडे पडतात का?

लिन्दबॅर्य, बॅर्यस्त्रॉम, लुन्दग्रेन, एकलुन्द, ब्यॉर्कमान. निसर्गातले दोन शब्द जोडलेली ही आडनावं सतराव्या शतकापासून शहरी कारागीर, व्यापारी आणि पुढे सगळ्या थरांतले लोक घेऊ लागले. तुकडे थोडेच आहेत, ते पाठ केले की शेकडो आडनावं उलगडतात. सुरुवातीचे तुकडे: लिन्द (लिंडन झाड), एक (ओक), ब्यॉर्क (भूर्ज), बॅर्य (डोंगर), सांद (वाळू), षो (सरोवर), फॉष (नदीतली धावती धार), सोदेर (दक्षिण), नी (नवं). शेवटचे तुकडे: स्त्रॉम (प्रवाह), लुन्द (राई), ग्रेन (फांदी), क्विस्त (डहाळी), होल्म (बेट), मान (माणूस).

अर्थ लावताना मात्र सावध राहायला हवं. आपल्याकडचं '-कर' जसं गाव दाखवतं तसा '-बॅर्य' डोंगर दाखवत नाही. पहिला तुकडा कधीकधी मूळ गावाच्या नावातून घेतलेला असतो, दुसरा बहुतेकदा कानाला बरा वाटला म्हणून जोडलेला. लिन्दबॅर्य म्हणजे लिंडन झाडांच्या डोंगरावरचे लोक, असं लिहिलं तर वाक्य सुंदर होईल, पण खोटं ठरेल.

तिसरी पायरी: एकच छोटा शब्द असेल तर शिपाई आठवा

रास्क (चपळ), मूदिग (धीट), स्तार्क (बळकट), ग्लाद (आनंदी), स्वॅड (तलवार), षॉल्द (ढाल), दॉल्क (खंजीर), स्तोल (पोलाद). ही सैनिकी नावं. स्वीडनचा राजा अकरावा कार्ल याने १६८२ पासून सैन्याची जी व्यवस्था लावली तिला 'इन्देल्निंग्सवॅर्केत' म्हणतात. काही शेतघरांचा मिळून एक गट, त्याला 'रूते'. प्रत्येक रूतेने एक शिपाई पुरवायचा, त्याला राहायला खोपटं आणि कसायला जमिनीचा तुकडा द्यायचा. एका तुकडीत दहा आन्देर्सॉन उभे राहिले तर हुकूम नेमका कोणाला? म्हणून भरतीच्या वेळी छोटं, खणखणीत आणि तुकडीत दुसऱ्या कोणाचं नसलेलं नाव दिलं जाई.

हे नाव अनेकदा माणसापेक्षा रूतेला चिकटलेलं असे. एक रास्क निवृत्त झाला की त्याच खोपटात येणारा पुढचा शिपाईही रास्क, रक्ताचं नातं नसताना. मुलांपैकी काही जण बापाचं सैनिकी नाव पुढे चालवत, काही '-सॉन' कडे परतत. दोन सख्ख्या भावांची आडनावं वेगळी निघाली तर नोंद चुकली असं गृहीत धरू नका. तसंच लिन्द, बॅर्य, होल्म असे एकेरी निसर्गशब्द शिपायांकडेही होते आणि शहरवासीयांकडेही, त्यामुळे फक्त लांबीवरून निकाल देता येत नाही.

चौथी पायरी: लॅटिन, ग्रीक आणि फ्रेंच छटा

'-इउस' आणि '-आन्देर' ही शेपटं पाद्री आणि विद्वानांची. विद्यापीठात नाव नोंदवताना गावाचं किंवा शेतघराचं नाव लॅटिन करून घ्यायची रीत होती. नोबेल घराण्याचं नाव स्कोने प्रांतातल्या नॉब्बेलोव्ह या गावावरून आधी नोबेलिउस झालं आणि मग शेपूट गळून नोबेल राहिलं. सेल्सिउस हे 'उंच' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून, कारण मूळ ठिकाणाच्या नावात टेकडी होती. वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिन्नेउसच्या वडिलांचं नाव नील्स इंगेमार्सॉन. विद्यापीठात जाताना त्यांनी घराण्याच्या जमिनीवरच्या मोठ्या लिंडन वृक्षावरून लिन्नेउस हे नाव घेतलं. मुलाला पुढे उमरावपद मिळालं तेव्हा त्याचं 'फॉन लिन्ने' झालं.

'-एन' (ई वर तिरपी रेघ), '-ईन', '-एल' ही शेपटं त्याच विद्वान घराण्यांच्या अनुकरणातून आणि फ्रेंच फॅशनमधून आली: नुरेन, वालीन, फॉषेल. देयेरसारखी काही घराणी सतराव्या शतकात लोखंडाच्या धंद्यानिमित्त आजच्या बेल्जियममधून आलेली आहेत.

पाचवी पायरी: उमराव

उमरावांची सभा रिद्दारहूसेत १६२६ मध्ये रीतसर स्थापन झाली. त्यांची नावं बहुधा ढालीवरच्या चिन्हातून येतात: उक्सेनषॅणा (बैलाचं कपाळ), यिलेनषॅणा (सोन्याचा तारा), 'नात ऑक दाग' म्हणजे रात्र आणि दिवस, कारण त्यांची ढाल दोन रंगांत विभागलेली. शेवटचं उमरावपद १९०२ मध्ये प्रवासी स्वेन हेदीनला मिळालं. नावाआधी 'फॉन' किंवा 'आव' दिसलं म्हणून घराणं उमराव ठरत नाही. ते रिद्दारहूसेतच्या नोंदीत आहे का, हे पाहावं लागतं.

आता उच्चार.

आघात आणि सूर

सॉन-गट, दोन तुकड्यांचा गट आणि सैनिकी नावं: आघात पहिल्या अक्षरावर. '-एन', '-ईन', '-एल' असल्यास आघात शेवटी: नुरेन, हेदीन, लिन्ने, आणि नोबेलसुद्धा. स्वीडिश उच्चार 'नुबेल्ल' असा आहे, जोर 'बेल्ल'वर. '-आन्देर' मध्ये जोर 'आन्'वर: विलान्देर, मेलान्देर. '-इउस' मध्ये त्याच्या आधीच्या अक्षरावर: आरेनिउसमध्ये 'रे'वर, सेल्सिउसमध्ये 'सेल'वर.

जोडनावांत आणि सॉन-नावांत शेवटचा तुकडाही दुय्यम जोर राखतो आणि स्टॉकहोमकडे त्यावर आवाज पुन्हा चढतो. लिन्दबॅर्य म्हणताना 'लिन्द'वर सूर खाली येतो, 'बॅर्य'वर पुन्हा उचलला जातो. हे चढउतार लगेच जमले नाहीत तरी चालतं. पण शेवटचा तुकडा गिळून टाकलेला चालत नाही. 'सॉन'मधला ऑ स्पष्ट हवा, 'पाल्मे'मधला ए सुद्धा.

स्वर

गोलाचा ए: लांब असेल तर 'ओ' (ओबॅर्य, ओकेसॉन), आखूड असेल तर 'ऑ' (ऑङ्स्त्रॉम). साधा ओ: लांब असेल तर पुष्कळदा चक्क 'ऊ'. ओल्सन नव्हे, ऊल्सॉन; स्कूगलुन्द; आणि योहान्सॉनमधला एच मुका होऊन रोजच्या बोलण्यात यूआन्सॉन. आखूड ओ 'ऑ' सारखा: होल्म प्रत्यक्षात हॉल्म, बोर्ग प्रत्यक्षात बॉर्य.

दोन टिंबांचा ए म्हणजे ए, आर-च्या आधी ॲ. साध्या ई चंही तसंच, म्हणून बॅर्य, पॅषॉन. दोन टिंबांच्या ओ साठी मराठीत अक्षर नाही. 'ए' म्हणायला तोंड तयार करा, जीभ तशीच ठेवा आणि फक्त ओठांचा चंबू करा. वाय साठी हेच 'ई' धरून करा. लिहिताना टिंबांच्या ओ साठी ओ किंवा ऑ आणि वाय साठी इ किंवा ई वापरण्याला पर्याय नाही, पण बोलताना ओठ विसरू नका.

के, जी आणि एस-के यांचं मऊ होणं

ई, आय, वाय आणि टिंबांचे ए, ओ हे पाच मऊ स्वर. यांच्यापूर्वी के चा 'श' होतो, जी चा 'य' आणि एस-के चा 'ष'. के-ने सुरू होणारं शेलस्त्रॉम, जी-ने सुरू होणारं योरान्सॉन, एस-के ने सुरू होणारं षॉल्द. के-जे आणि टी-जे हेही 'श': शेलबॅर्य. एस-जे, एस-टी-जे, एस-के-जे हे 'ष': षोबॅर्य.

इथे श आणि ष एकच मानून चालणार नाही, आणि मराठीत आपण बहुतेक जण नेमके तेच करतो. 'श'साठी जिभेचं टोक खालच्या दातांमागे, मधला भाग टाळूकडे. 'ष'साठी टोक वर, ट म्हणताना जातं त्या बाजूला. दक्षिण आणि मध्य स्वीडनमध्ये षोबॅर्यचा पहिला आवाज घशाजवळून, ओठ गोल करून, 'ख' आणि 'ह' यांच्या मधला फुंकल्यासारखा येतो. उत्तरेकडचा 'ष' सगळीकडे समजतो, म्हणून नवख्याने तोच धरावा.

अपवाद लक्षात ठेवा: हे मऊ होणं आघाताच्या तुकड्याच्या सुरुवातीला होतं. ओकेसॉनमधला के मधे आहे, तो 'क'च राहतो. लागेळोवमधला जी 'ग'च. हेग्ग या आडनावात दुहेरी जी, तोही 'ग'च.

आर किंवा एल नंतर तुकड्याच्या शेवटी आलेला जी मात्र 'य' होतो. बॅर्य, बॉर्य आणि म्हणून बॅर्यमान. सगळ्यात जास्त चुकतं ते हेच, आणि एवढं एक सुधारलं तरी ऐकणाऱ्याचा चेहरा खुलतो. ग्रेता तूनबॅर्य: टी-एच म्हणजे साधा 'त', मग ओठ आवळलेला ऊ, मग बॅर्य.

सुरुवातीला एल-जे, एच-जे, डी-जे, जी-जे असं काहीही असलं तरी पहिलं अक्षर मुकं: युंगबॅर्य, येल्म, यूरबॅर्य, योरवेल.

आर आणि मराठीची मूर्धन्य अक्षरं

आर नंतर एस, एन, टी, डी, एल आला की दोन्ही मिळून एकच मूर्धन्य आवाज होतो: अनुक्रमे ष, ण, ट, ड, ळ. आन्देर्सॉन बोलताना आन्देषॉन. लार्सॉन म्हणजे लाषॉन, पेत्तेर्सॉन म्हणजे पेत्तेषॉन, कार्ल्सॉन जवळजवळ काळसॉन. ब्यॉण बॉर्य. नुडीन. स्वॅड. यूट (हरीण). सेल्मा लागेळोव. इंग्रजी लिपीत हे दाखवायला खास चिन्हं लागतात, आपल्याकडे शाळेतल्या मुळाक्षरांत आहेत. मात्र जीभ आपल्या ळ-णइतकी मागे वळवू नका, टोक हिरडीच्या किंचित मागे टेकलं की पुरे.

याउलट, आधी आर नसेल तर टी, डी नेहमी दंत्य, म्हणजे त आणि द: लिन्दस्त्रॉम, 'लिंडस्ट्रॉम' नाही. पण सोदेर-मध्ये आर आहे, म्हणून त्याच स्त्रॉमचं सोदेष्ट्रॉम होतं. एकाच तुकड्यात एकदा त आणि एकदा ट, आणि दोन्ही बरोबर.

आघाताच्या सुरुवातीचे प, त, क थोड्या श्वासाने येतात. तरी पॅषॉनला 'फ' लिहू नये, मराठी वाचक ओठ-दातांचा फ वाचेल.

स्कोनेमध्ये आर घशातून येतो आणि हे विलीनीकरण होत नाही. तिथला माणूस स्वतःला लार्सॉनच म्हणवतो. फिनलंडमधले स्वीडिशभाषकही आर वेगळा ठेवतात, आणि श च्या जागी 'च' म्हणतात. माणूस जसं म्हणतो तसंच आपण म्हणावं.

ङ आणि जुनी स्पेलिंगं

एन-जी मध्ये 'ग' नसतो, फक्त ङ: ऑङ्स्त्रॉम, इङ्मार. जी-एन म्हणजे ङ्न: माङ्नुसॉन, तेङ्नेर.

१९०६ मध्ये स्पेलिंग सुधारलं, पण आडनावांनी जुनं रूप सोडलं नाही. म्हणून क्यू म्हणजे क, डब्ल्यू म्हणजे व, झेड म्हणजे स, शेवटचा एफ अनेकदा व, आणि स्वरानंतरचा एच मुका. स्तोल एच-सकट लिहिलं किंवा एच-विना, उच्चार एकच. उलट गुस्ताफ्सॉन एफ-ने की व्ही-ने, एरिक्सॉन के-ने की सी-ने, कार्ल्सॉन सी-ने की के-ने हे कानाला कळत नाही. करारपत्र, तिकीट, व्हिसा अर्ज यांसाठी अक्षरं विचारूनच घ्या.

टिंबं गाळल्याने काय होतं याचं उदाहरण: यून्सॉन (साधा ओ, यून या नावावरून) आणि टिंबांच्या ओ चं योन्सॉन (योन्स या नावावरून) ही दोन वेगळी आडनावं आहेत. पासपोर्टच्या यंत्रवाचनीय ओळीत गोलाचा ए दोन ए असा, टिंबांचा ए ए-ई असा आणि टिंबांचा ओ ओ-ई असा छापतात. तिकिटावरचं स्पेलिंग वेगळं दिसलं तर आधी हे तपासा.

सराव

के-जे-ई-एल-एल-स्त्रॉम: दोन तुकडे, आघात पहिल्यावर. के-जे चा श. दुहेरी एल म्हणून ए आखूड. दुसऱ्या तुकड्यापूर्वी आर नाही, म्हणून स्त. शेलस्त्रॉम.

दाग हाम्मारषॉल्द: उमराव नाव, दुसरा तुकडा 'ढाल'. एस-के-जे चा ष, टिंबांचा ओ आखूड, डी दंत्य. मराठीत रूढ झालेल्या 'हॅमरशोल्ड'मध्ये ड आहे, तिथे द हवा.

उक्सेनषॅणा: मधला एस-टी-आय हा जुन्या पद्धतीने लिहिलेला एस-टी-जे, म्हणून ष, आर-एन चा ण.

नोबेल, सेल्सियस अशी मराठीत रुजलेली रूपं लिहिताना तशीच ठेवावीत. नव्याने येणाऱ्या नावांसाठी मात्र स्वीडिशवरून लिप्यंतर करावं. लिखाणात आन्देर्सॉन असा आर दाखवावा, म्हणजे मूळ नाव ओळखू येईल, आणि बोलताना आन्देषॉन म्हणावं.

स्वीडनमध्ये एकमेकांना पहिल्या नावानेच हाक मारतात, साहेबालाही, त्यामुळे आडनाव उच्चारायची वेळ बैठकीतली ओळख, फोन आणि सरकारी कचेरी इथेच येते. लग्नानंतर नाव बदलायचं असेल तर अर्ज कर खात्याकडे, म्हणजे स्कात्तेवॅर्केतकडे करायचा. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या कायद्याने दुहेरी आडनाव घेता येतं, आणि किमान २००० लोक लावतात असं आडनाव कोणालाही घेता येतं. शंका असेल तर विचारायचं वाक्य: 'हूर उत्तालास दित एफ्तेणाम्न?' म्हणजे तुझ्या आडनावाचा उच्चार कसा करतात. उत्तर आलं की ते लगेच देवनागरीत लिहून ठेवा, रोमनमध्ये नको.